आणखी एक खण : लहान घर कमी खर्चात वाढवण्याविषयी

खण हे जुन्या मराठी घराचे माप. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण; घर केवढे हे सांगायचे तर तीन खणांचे, पाच खणांचे असे सांगत. या मापातच घर वाढण्याची सोय होती. मुलाचे लग्न ठरले की पुढे दोन खांब रोवून ओसरी काढायची, जनावर वाढले की मागे सपरी टाकायची, आणि चार वर्षांनी हात मोकळा झाला की त्याच ओसरीला कुडाची भिंत घालून खोली करायची. घर एकदा बांधले आणि संपले, असे होत नसे. सिमेंट आणि स्लॅबच्या घराने ही सवय मोडली. ते चारी बाजूंनी एकदाच बंद होते. पुढे त्याला काही जोडायचे तर भिंत फोडावी लागते, लोखंड उघडे करावे लागते, आणि पहिल्या बांधकामाच्या वेळी कोणी दुसऱ्याचा विचार केलेला नसतो.

बुलडाणा जिल्ह्यात नांदुरा तालुक्यातले वडनेर भोलजी हे मलकापूर आणि नांदुऱ्याच्या मधले, मुंबई–कोलकाता महामार्गावरचे गाव. पूर्णा नदीच्या खोऱ्यातली काळी जमीन, कापूस-सोयाबीन-तुरीची शेती आणि एप्रिल-मे महिन्यांत ४२ ते ४५ अंशांपर्यंत चढणारा पारा, या तीन गोष्टी इथल्या घराचे बरेवाईट ठरवतात. मुंबईच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत पोटमाळा टाकून जागा काढतात. ती युक्ती इथे जशीच्या तशी चालत नाही. इथे अंगण असते, परसदार असते, आणि तरीही घर अपुरे पडते.

ते किती अपुरे, याचे एक सरकारी मापच आहे. १ एप्रिल २०१६ पासून लागू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) या योजनेत घरकुलाचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट ठरवले गेले. त्याआधी ते २० चौरस मीटर होते. सपाट प्रदेशात अनुदान तेव्हा १ लाख २० हजार रुपये ठरले, शिवाय रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार वेगळे. या मापात एक खोली, स्वयंपाकाची जागा आणि न्हाणी बसते. राष्ट्रीय इमारत संहितेत राहण्याची एकच खोली असेल तर ती किमान साडेनऊ चौरस मीटरची, म्हणजे सुमारे शंभर चौरस फुटांची आणि २.४ मीटर रुंद असावी असे सांगितले आहे. दोन खोल्या असतील तर दुसरी साडेसात चौरस मीटरची चालते. घरकुलाला अशी एक खोली जोडली की आईवडील, मुलगा-सून आणि शिकणारी पोरे यांना निदान रात्रीपुरता आडोसा मिळतो. या लेखनाचा विषय तेवढाच आहे: ऐंशी ते शंभर चौरस फूट जागा, जी टिकेल, उन्हाळ्यात भाजणार नाही आणि कर्जात बुडवणार नाही.

पण खोली बांधण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा, आणि कापसाच्या पट्ट्यात तो फार महत्त्वाचा आहे. जागा कमी पडते ती माणसांना की मालाला? दिवाळीनंतर कापूस घरी येऊ लागतो. भाव पडलेला असेल तर तो विकायचा नाही, चढण्याची वाट पाहायची, असे प्रत्येक घर ठरवते. मग घरातली बरी, कोरडी, कुलूप लागणारी खोली कापसाला जाते आणि माणसे ओसरीत झोपतात. वेचणी संपेपर्यंत छताला टेकलेला ढीग फेब्रुवारी-मार्चपर्यंत तसाच राहतो. सोबतीला तुरीची आणि सोयाबीनची पोती. साठवलेल्या कापसामुळे घरातल्या लहानमोठ्यांच्या अंगाला खाज सुटते, हा विदर्भातल्या घराघरांचा अनुभव आहे. आणि एका ठिणगीने काय होऊ शकते हे वेगळे सांगायला नको. अशा घराला नवी झोपायची खोली नको असते, कापसाची कोठी हवी असते. कोठीला खिडक्या लागत नाहीत, गिलावा लागत नाही, उकाड्याची काळजी नसते. उंच जोते, कोरडी फरशी, पक्के टिनपत्र्याचे छप्पर आणि उंदीर शिरणार नाही असे दार एवढे पुरे. तीच शंभर फूट जागा राहण्याजोगी करण्यापेक्षा ती कितीतरी स्वस्तात उभी राहते, आणि घरातली आधीच बांधलेली, आधीच थंड असलेली खोली माणसांना परत मिळते. कोठी चुलीपासून आणि विजेच्या उघड्या तारांपासून लांब असावी, एवढे मात्र सोडू नये. घर वाढवण्याचा याहून स्वस्त मार्ग इकडच्या शेतकऱ्यापुढे क्वचितच असतो, आणि तो सगळ्यांत कमी वेळा विचारात घेतला जातो.

घराच्या आतही थोडी जागा दडलेली असते. जुन्या मातीच्या भिंती दीड-दोन फूट जाड असत आणि त्यांत कोनाडे व फडताळे काढलेली असत. नव्या नऊ इंची भिंतीत ती सोय नाही, म्हणून कपाटे आणि पेट्या जमिनीवर आल्या. दाराच्या वरच्या पातळीला भिंतीभर फळी बसवली तर पेट्या, अंथरुणे, सणासुदीची भांडी वर जातात. माळ्याच्या बाबतीत मात्र उंची बघावी. खाली माणसाला वावरायला सात फुटांच्या वर जागा सोडल्यावर, दहा फूट उंचीच्या खोलीत वर तीन फूटही उरत नाहीत. तो सामानाचा माळा झाला, झोपायचा नव्हे. झोपायचा माळा हवा तर खोली चौदा-पंधरा फूट उंच लागते, आणि टिनाच्या खाली असा माळा या उन्हात माणसाला देऊ नये.

आता बाहेर बांधण्याकडे. इथे सगळ्यांत आधी माती येते, पैसा नंतर. जुन्या बोलीत गावाच्या वस्तीच्या जागेला पांढरी म्हणत आणि शेतजमिनीला काळी. हा नुसता रंगाचा भेद नव्हता. पांढरीची माती पिढ्यान्‌पिढ्यांच्या पडक्या घरांची, राखेची, बसून घट्ट झालेली; ती पाण्याने फुगत नाही, म्हणून भिंतींना आणि धाब्यावरही तीच घालत. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आक्रसते. तिच्यात माँटमोरिलोनाइट जातीची चिकणमाती असते. तिच्या पदरांत पाणी शिरते तेव्हा ती वाढते, निघून जाते तेव्हा भुईला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पूर्वज पांढरीवर राहिले यात शहाणपण होते. आता गावठाण भरले, वाटण्या झाल्या, आणि नवी घरे शेताच्या कडेला, ई-क्लास म्हणजे सरकारी गायरान जमिनीवर, लेआउटच्या प्लॉटवर उतरली. म्हणजे घर पांढरीवरून काळीवर आले. पाया मात्र अनेकदा पांढरीवरच्याच सवयीने, दोन-अडीच फूट खोदून भरला जातो.

काळ्या मातीचा एक गुण नवख्याला चकवतो. जड घर ती खाली घेते, पण हलके घर ती वर उचलते. म्हणून "छोटीशीच तर खोली आहे, पाया कशाला एवढा" हे म्हणणे इथे उलट पडते. मुरूम हाती लागेपर्यंत खोदणे हा सगळ्यांत खात्रीचा उपाय, आणि जिथे मुरूम चार-पाच फुटांवर आहे तिथे तोच करावा. काळी खोल असेल तर रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशाच मातीसाठी बसवलेली खोल भोकांची रीत आहे. हाताने चालवायच्या गिरमिटाने सुमारे साडेतीन मीटर खाली जायचे, तळाशी भोक कांद्यासारखे फुगवायचे आणि सळई घालून काँक्रीट भरायचे. त्या खोलीवर ओल वर्षभर सारखी राहते, त्यामुळे माती हलत नाही. खोलीच्या चार कोपऱ्यांना चार असे खांब आणि त्यांवर जमिनीपासून थोडी पोकळी ठेवून बीम, एवढ्यावर शंभर फुटांची खोली निर्धास्त उभी राहते. तिसरा मार्ग आय.आय.टी. मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांच्या संशोधनातून रुळला. काळ्या मातीवर सुमारे एक मीटर जाडीचा, न फुगणाऱ्या पण चिकट मुरमाचा थर थराथराने पाणी मारून धुमसायचा. त्या थराखाली काळीची चळवळ दबते. कालव्यांसाठी ही रीत फार वापरली गेली; घराच्या जोत्यासाठी मुरूम जवळ मिळत असेल तेव्हाच ती परवडते.

एवढे करूनही नवी खोली आणि जुने घर सारखे हलणार नाहीत. जुन्याखालची माती वर्षानुवर्षांची दबलेली, नव्याखालची ताजी. दोन्ही भिंती दात काढून एकमेकांत गुंतवल्या की पहिल्या दोन पावसाळ्यांत सांध्यावर तिरपी भेग पडते, आणि दोष गवंड्यावर येतो. खरे तर नवी भिंत जुन्याला चिकटवूच नये. मधे इंचभर फट सोडावी, नव्या खोलीचे खांब, तिचा पाया, तिचे छप्पर तिचे तिला द्यावे, आणि फटीवर पत्र्याची पट्टी एका बाजूला खिळवून दुसऱ्या बाजूला मोकळी ठेवावी. घरे शेजारी उभी राहतील, पण एकमेकांना ओढणार नाहीत. जुन्या भिंतीत दार फोडायचे तर कोपऱ्यापासून निदान दोन फूट सोडून, तुळईच्या खाली नव्हे, आणि आधी वर लिंटेल बसवून मग खालच्या विटा काढायच्या. मातीच्या भिंतीत हे काम आधाराच्या बल्ल्या लावल्याशिवाय कधीही करू नये.

आणि पाणी. काळ्या जमिनीवरची बरीच घरे तडकतात ती नुसत्या पावसाने नव्हे, मोरीनेही. न्हाणीचे सांडपाणी भिंतीच्या एकाच बाजूला वर्षभर मुरते. तिकडची माती फुगलेली, दुसरीकडची सुकलेली, आणि मधली भिंत फाटते. नव्या खोलीभोवती दोन-अडीच फुटांची फरसबंदी बाहेरच्या बाजूला उतार देऊन करावी, आणि मोरीचे पाणी नळीने लांब शोषखड्ड्यात न्यावे. शहाबादी फरशीच्या काही लाद्यांचा हा खर्च पायातल्या लोखंडाएवढाच कामाचा आहे.

वर बांधावे की बाजूला, हा प्रश्न प्लॉट लहान असला की येतोच. मातीच्या किंवा दगडमातीच्या घरावर मजला चढवण्याचा विचारसुद्धा करू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत भूकंप झाला, त्यात जाड दगडमातीच्या भिंती आणि त्यांवरची माळवदाची जड छपरे माणसांच्या अंगावर आली. हजारो जीव त्याच ओझ्याखाली गेले. विटांच्या घरावर चढवायचे तर आधी पाया उघडून बघावा. साडेचार इंची भिंत मजल्याचा भार घेत नाही. ओझ्याचा हिशोब डोळ्यांपुढे असला की निर्णय सोपा जातो: पाच इंची स्लॅबचे वजन दर चौरस मीटरला तीनशे किलोंच्या वर जाते, तर सांगाड्यासकट टिनपत्र्याचे वीस किलोंच्या आत राहते. नऊ इंची, दहा फूट उंच भिंत दर मीटर लांबीला सव्वा टनाहून जड. म्हणून स्लॅबवर खोली करायचीच तर लोखंडी पाइपांचा सांगाडा, हलक्या भिंती आणि पत्रा असा वरचा खण करावा. जिना बाहेरून काढावा. पायरी ७ ते साडेसात इंच उंच आणि १० इंच रुंद असली की म्हातारी माणसेही चढतात. वरचा पत्रा वाऱ्याला पहिला सापडतो. मेच्या वादळात टिना उडतात त्या बहुधा कडेच्या. तिथे हूक जवळजवळ मारावेत आणि पत्रा भिंतीबाहेर दीड फुटापेक्षा जास्त काढू नये.

अनेक स्लॅबवर पुढच्या मजल्यासाठी सळया सोडलेल्या दिसतात. आशेने सोडलेले ते लोखंड आठ-दहा वर्षे पावसात गंजते आणि वापरायच्या वेळी झिजलेले निघते. त्यांना सिमेंटचा पातळ लेप देऊन वर हलके काँक्रीट भरून ठेवले तर त्या खरोखर कामी येतात.

भिंतींच्या सामानात वडनेरच्या परिसराची एक सोय आहे. पूर्वेला पारसचे आणि पश्चिमेला भुसावळजवळ दीपनगरचे, अशी दोन औष्णिक वीज केंद्रे या पट्ट्याच्या दोन्ही अंगांना आहेत. कोळशाची राख वापरात आणण्यासाठी केंद्र सरकारने सप्टेंबर १९९९ मध्ये अधिसूचना काढली, आणि राखेच्या विटा रुळल्या. त्या मापात सारख्या असतात, म्हणून मसाला कमी लागतो आणि गिलाव्याचा थर पातळ बसतो. फक्त त्या चांगल्या भिजवलेल्या, पूर्ण पिकलेल्या घ्याव्यात. घाईत विकलेली वीट भिंतीत आक्रसते. केरळात लॉरी बेकर यांनी लोकप्रिय केलेली, विटा उभ्या लावून मधे पोकळी ठेवणारी 'रॅट ट्रॅप' रचना इथेही लागू पडते. नऊ इंची भिंत होते, पण विटा साधारण चौथाईने कमी लागतात आणि मधली हवा पश्चिमेचे ऊन अडवते. गवंड्याला ती दोन दिवस शिकावी लागते. पश्चिमेच्या भिंतीपुरती जरी केली तरी फरक जाणवतो.

छप्पर हा या खोलीचा खरा कस. स्लॅब परवडत नाही म्हणून पत्रा येतो, आणि पत्रा दुपारी तव्यासारखा तापतो. जुने धाबे थंड असे ते पांढऱ्या मातीच्या जाडीमुळे. ती जाडी परत आणता येत नाही, पण तिचे काम दुसऱ्या मार्गाने होते. पत्र्यावर दर उन्हाळ्याआधी चुन्याचे दोन-तीन हात दिले की बरेच ऊन तिथूनच परतते. पत्र्याखाली सहा-आठ इंच सोडून बांबूच्या तट्ट्याचे छत केले आणि दोन्ही टोकांना जाळी ठेवली, तर तापलेली हवा आतल्या आत वाहून जाते. पऱ्हाटी-तुराटीचे छत मात्र चुलीच्या आसपास टाळावे. कोरड्या उष्ण प्रदेशात खिडक्यांची मोकळी जागा फरशीच्या दहाव्या भागाएवढी पुरते असे संहिता सांगते. म्हणजे शंभर फुटांच्या खोलीला दहा फूट. दोन खिडक्या समोरासमोर, एक वर गरम हवेला आणि एक खाली, अशी वाटणी केली तर रात्री खोली लवकर निवते. पश्चिमेला खिडकी नको, ओसरी हवी.

काँक्रीटच्या पाण्याकडे इथे विशेष लक्ष द्यावे लागते. पूर्णेच्या काठाने अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतून खारपाण पट्टा जातो. त्यातल्या बऱ्याच विहिरी-बोअरचे पाणी पिण्याजोगे नसते. लोखंड असलेल्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असावे असा भारतीय मानकाचा दंडक आहे. खाऱ्या पाण्यात कालवलेला कॉलम वरून ठणठणीत दिसतो आणि आतून सळई फुगवत जातो. कालवायला आणि भिजवायला गोडे पाणी टँकरने आणावे लागले तरी चालेल. आजकाल बाजारात येणारी बहुतेक पोती पीपीसी सिमेंटची असतात. त्याला किमान दहा दिवस, कडक उन्हात चौदा दिवस भिजवण लागते. तीन दिवस पाणी मारून सोडलेला स्लॅब पैसे वाचवत नाही.

कागदांचे काम थोडक्यात. गावठाणात बांधकामासाठी १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातील कलम ५२ प्रमाणे ग्रामपंचायतीची परवानगी लागते. नमुना ८ चा उतारा करआकारणीचा असतो, मालकीचा नव्हे. २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन गावठाणातल्या घरांना सनद मिळू लागली, आणि भावाभावांतल्या अंगणाच्या हद्दी अनेक ठिकाणी प्रथमच कागदावर आल्या. नवी खोली त्या हद्दीच्या आत बसते का, हे खड्डा खोदण्याआधी बघितलेले बरे. कर्ज काढायचे तर तीच सनद पुढे करावी लागते. महामार्गाच्या बाजूच्या घरांनी रस्त्याकडे एक हातही पुढे सरकू नये.

घर एकदाच पुरे करायचे नाही, वाढू द्यायचे, ही कल्पना मोठ्या वास्तुकारांनीही मानली. नवी मुंबईत बेलापूरला चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात कलाकार वसाहत रचली. तिथे प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटरचे होते, आणि एकाही घराची भिंत शेजाऱ्याशी सामाईक ठेवली नव्हती. हेतू हा, की प्रत्येकाला आपल्या सवडीने, कोणाची परवानगी न मागता घर वाढवता यावे. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी यांनी इंदूरच्या अरण्य वसाहतीत लोकांना जोते, न्हाणी आणि एखादी खोली एवढाच गाभा दिला. बाकीचे घर लोकांनी बांधायचे. त्या कामाला १९९५ मध्ये आगा खान पुरस्कार मिळाला. २००४ मध्ये चिलीतल्या इकिके शहरात आलेहान्द्रो अरावेना यांनी ९३ कुटुंबांना अर्धीच घरे बांधून दिली, आणि उरलेला अर्धा भाग कुठे बसेल ते आधीच ठरवून ठेवले. तिन्ही ठिकाणी मर्म एकच: घराच्या पुढच्या वाढीचा विचार पहिल्याच दिवशी केलेला. घरकुलाचा लाभार्थीही हे करू शकतो. पायाचे काम चालू असतानाच पुढच्या खोलीचे चार खड्डे मुरमापर्यंत खोदून भरून घेतले तर खोदाईचा खर्च दुसऱ्यांदा येत नाही. ज्या भिंतीतून पुढे दार काढायचे त्या भिंतीत दारावरचे लिंटेल तेव्हाच टाकावे आणि खालची जागा मातीच्या जोडाईने बुजवावी. पुढे त्या विटा सहज निघतात, फुटत नाहीत, आणि नव्या खोलीच्या जोत्यात परत लागतात.

कामाचा हंगामही ठरवावा लागतो. पावसाळा संपून भुई वाफशावर आली की, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, खोदाई करावी. तेव्हा माती ना पूर्ण फुगलेली असते ना भेगाळलेली. पाया आणि जोते डिसेंबरपर्यंत व्हावे आणि ते भरून तसेच ठेवावे. भिंती आणि छप्पर कापूस विकल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये, उन्हाची तीव्रता चढण्याआधी. गिलावा पहिला पावसाळा गेल्यावर करावा, कारण जी काही भेग पडायची ती बहुधा त्या पावसात पडते आणि मग ती बुजवून वर हात फिरवता येतो.